पोळ्यातला मालडबा

मारुतीच्या पारासमोर माझं किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की समोरचा रस्ता वाचत बसायचं, हा माझा जोडधंदा. कोण कोणाकडे ताठ गेला आणि वाकून परतला, कोणी कोणाला पाहून वाट बदलली, हे वाचता वाचता माणसांची खाती मनात आपोआप उघडतात. त्यातलं सगळ्यात अवघड खातं बळीरामचं. त्याच्या नावावर काही लिहावं तर तो उधार नेत नाही, आणि पान फाडून टाकावं तर रोज समोरून जातो.

आमचं गाव दारव्हा-यवतमाळच्या छोट्या लाइनीवरचं. बळीराम स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाल. रुईच्या गाठी डब्यात भरायच्या, दार ओढून घ्यायचं, अडणा टाकायचा, हे त्याचं काम. छप्पन साली तो आणि त्याची बायको तुळसाबाई नागपूरला दीक्षा घेऊन आले, आणि त्यांच्या वस्तीनं गावाची तीन कामं एका दिवसात बंद केली. मेलेलं ढोर उचलणं बंद. पोळ्याचं तोरण वळणं आणि डफडं वाजवणं बंद. संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार भाकर मागणं बंद. पहिली दोन बंद झाली म्हणून गावाची अडचण झाली. तिसरं बंद झालं म्हणून गाव रागावलं. हे मला तेव्हा नवल वाटलं होतं. भाकर वाचली तर आनंद व्हायला पाहिजे, पण देणाऱ्याचा हात रिकामा राहिला की त्याला खाज सुटते. सगळ्यात जास्त खाज बाबाराव पाटलांना. ते त्या वस्तीचं जुनंच नाव घेत, आणि मुद्दाम मोठ्यानं घेत.

आता डब्याची गोष्ट.

जिनिंगवाले रामलाल शेटजी यांनी एकसष्ट साली मुंबईहून चावीची आगगाडी आणली. नातवासाठी आणली असं सांगत. नातू मात्र लांबून पाहायचा आणि शेटजी मांडी घालून चावी द्यायचे. ओसरीवर गोल रूळ, त्यावर हिरवं इंजिन, मागे दोन प्रवासी डबे. एक दिवस त्यांच्या मनात आलं की आपल्या धंद्याची गाडी, आणि तिला मालडबा नाही, हे शोभत नाही. तोही विलायती नको. ज्यात आपल्या गाठी जातात तसाच, आपल्या लाइनीचा. बळीरामच्या हाताला कसब आहे हे धक्क्यावर सगळ्यांना माहीत होतं. पावसाळ्यात रुई नसते, धक्का ओस असतो. त्यानं हो म्हटलं.

मोजायला त्याच्याजवळ फूटपट्टी नव्हती. खऱ्या डब्याच्या एका हाताला लहान डब्याचं एक बोट, असा त्यानं हिशेब धरला. चौदा हातांचा डबा चौदा बोटांचा झाला. सागाच्या फळ्या, रॉकेलच्या पिप्याचा पत्रा, खिळ्यांची डोकी घासून केलेली रिबिटं. दार सरकतं, अडणा पडतो, ब्रेकचा दांडा दाबला की लाकडी गुटका चाकाला टेकतो. लाल रंग, त्यावर पांढरा आकडा, आणि आकड्याखाली धक्क्यावरचे हमाल भरलेल्या गाठी मोजायला मारतात त्या खडूच्या रेघासुद्धा. दाराच्या फटीत त्यानं कापसाचा एक पुंजका अडकवला होता. ते कशाला, म्हणून मी विचारलं. तर म्हणाला, खऱ्यातही निघत नाही.

शेटजींच्या रुळावर चाकं अगदी चपखल बसली. बळीरामला वाटलं, विलायतेतही बोटांनीच मोजत असतील. पण डबा मागे जोडला आणि ओसरीवर हशा झाला. शेटजींची गाडी मोठ्या लाइनीची, पण फारच लहान करून केलेली; आणि हा आपल्या छोट्या लाइनीचा डबा इंजिनाच्याही डोक्यावरून उंच. इंजिनानं दोन गचके दिले, चावी उतरली, आणि ते जागच्या जागी कुरकुरत बसलं.

शेटजी म्हणाले, कापून लहान कर. बळीरामनं डबा उचलून उलटा केला, चाकं फिरवून पाहिली, आणि म्हणाला, "डबा बराबर हाय शेटजी. तुमचं इंजिन लहान हाय."

मग तो डबा काखेत मारून घरी आला. ठरलेले पैसे गेले, आणि हे वाक्य गावभर फिरलं. पुढचे कित्येक दिवस कोणी फुशारकी मारली की पोरं म्हणायची, इंजिन लहान हाय.

बळीरामची मुलगी पंचफुला, नऊ वर्षांची. तिनं डब्याला सुतळी बांधली आणि जाहीर केलं की यंदा आपण तान्ह्या पोळ्यात जाणार.

आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा असतो. चाकाच्या पाटीवर उभे लाकडी बैल सजवून लेकरं पाराजवळ ओळीनं उभी राहतात. तोरण तुटलं की पोळा फुटतो, आणि मग बैल ओढत सगळी घरोघरी जातात. दारी आलेल्या बैलाला कुंकू लावतात आणि लेकराच्या हातावर पैसा नाहीतर खाऊ ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. पंचफुलाच्या वर्गातल्या सगळ्या पोरी जायच्या, हीच काय ती पाच वर्षं घरी बसत होती.

तुळसाबाई गूळ न्यायला आली तेव्हा घरातली भांडणं माझ्या काउंटरवर सांडून गेली. तिचं म्हणणं होतं की आपण बैल पूजत नाही, मग पोळा कशाचा. पंचफुलाचं म्हणणं होतं की माझ्याजवळ बैल कुठं आहे, माझ्याजवळ डबा आहे. ह्या मुद्द्यावर बळीराम मुलीच्या बाजूनं गेला, म्हणून त्याला रात्री वाढलेलं ताट बरंच थंड मिळालं. शेवटी लेकीला ओळीत उभं राहू द्यायला तुळसाबाई कबूल झाली, पण बोजाऱ्यावर अडली. ती म्हणाली, माझी सासू त्याच दारांवर टोपली घेऊन उभी राहायची. मी ती टोपली चुलीत घातली. आता माझी लेक तिथंच सुतळी धरून हात पुढे करणार असेल, तर मग आम्ही सोडलं काय?

मी म्हटलं, लेकरांचा खेळ आहे.

ती म्हणाली, "टोपलीबी आधी लेकरायच्याच हाती देत होते भाऊ."

मी गुळाचा एक खडा जास्तीचा टाकून पुडी बांधली.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली आणि गूळ वाढवून नेला, मुरमुऱ्यांचं पोतं पाऊण रिकामं केलं, वर खसखस. एवढ्या मुरमुऱ्यांचं काय, म्हटलं. तिनं नुसते पैसे मोजून दिले. पण चेहरा असा, की धक्क्यावर माल चढवून झाल्यावर हमालाचा असतो.

इकडे बाबाराव पाटलांना बातमी लागली. पोळ्याच्या पंचांपैकी दोघे तिघे तापले. म्हणाले, ज्यांनी तोरण सोडलं त्यांची पोर तोरणाखाली काहून? पाटील मात्र माझ्या बाकावर बसून सुपारी कातरत हसले. पाटील हसले की मी माझा गल्ला बंद करतो, अशी माझी सवय आहे.

"येऊ द्या," ते म्हणाले. "तोरणाखाली उभी राह्यली का बोजाऱ्याले माह्या दारी येईनच. म्या पायलीभर जवारी सुपात काढून ठेवली. त्यायचा बाप न्यायचा तेवढीच. पाच वर्सं ताठ राह्यले, लेकरानं वाकवले म्हणू."

हिशेब पक्का होता. पोरगी एकदा दाराशी येऊन सुपातलं घेऊन गेली, की पाच वर्षांचा नकार एका पोळ्यात पुसला जाणार होता. पाटलांना ज्वारीची नाही, त्या एका फेरीची गरज होती.

तान्ह्या पोळ्याला पंचफुला आली. नवा फ्रॉक, घट्ट दोन वेण्या, मागे लाल डबा खडखडत. एका पंचानं तिला ओळीच्या शेवटी उभं राहायला सांगितलं. ती वर्गातल्या पोरींच्या मधे जाऊन उभी राहिली, आणि त्यांनीही आपापले बैल थोडे सरकवून घेतले. पंच पाटलांकडे पाहू लागला. पाटलांनी डोळ्यांनी असू दे म्हटलं. मोठ्या गिऱ्हाइकासाठी लहान घासाघीस सोडावी, तसं.

पाटलांच्या पत्नी कांताबाई कुंकवाचं ताट घेऊन ओळीनं निघाल्या. बैलाच्या कपाळी कुंकू, पुढच्या बैलाच्या कपाळी कुंकू, आणि सवयीनं बोट डब्यावर आलं तसं पंचफुलानं तळहात मधे घातला. याले नाही लागत, म्हणाली. कांताबाई थबकल्या, बोटावरचं कुंकू ताटात पुसलं, आणि खाली वाकून डब्याचं दार सरकवून पाहिलं. बंद केलं, पुन्हा उघडलं. मागून पाटील खाकरले नसते तर त्यांनी ब्रेकही लावून पाहिला असता.

मग झडत्या सुरू झाल्या. पोळ्यात यमक जुळवून एकमेकांना चिमटे काढायची आमच्याकडे रीत आहे. प्रत्येक झडतीनंतर महादेवाचा गजर होतो. पंचाचा मोठा मुलगा पुढे झाला आणि डब्याकडे हात करून म्हणाला,

"शिंग नाही, शेपूट नाही, खात नाही कडबा,
बळीरामच्या पोरीनं आणला मुका डबा."

गजर झाला, हशा झाला. झडतीला झडतीनं उत्तर द्यावं लागतं, नाहीतर हरलं. पंचफुला लाल झाली. बळीराम पाराच्या कडेला उभा होता, त्याच्या कपाळाची शीर मला दुकानातून दिसली, पण तो जागचा हलला नाही. पोरगी सुतळी बोटाला गुंडाळत राहिली, आणि मग एकदम म्हणाली,

"ढेप नाही लागत याले, पाणी नाही लागत,
तुमच्या बैलावानी हा दारोदार नाही मागत."

आणि महादेवाच्या जागी तोंडात दोन बोटं घालून इंजिनासारखी लांब शिटी मारली. ओळीतल्या पोरांनीही मारली. गजर कोणाचा झाला हे मी सांगत नाही. आवाज शिटीचा मोठा होता एवढं सांगतो.

बाबाराव पाटील तेवढ्यात ओरडले की मागत नाही तर मग दारी कायले येशील? पण त्यांचा आवाज तोरणाबरोबर तुटला. पोळा फुटला होता.

पोरं बैल घेऊन घरोघरी सुटली. पंचफुला मात्र उलटी, आपल्या घराकडे पळाली. पाटलांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं गिऱ्हाईक गेलं. पण थोड्या वेळानं ती परत आली, आणि आता डबा खडखडत नव्हता. जड चालत होता. मागे तुळसाबाई, डोक्यावर झाकलेली पाटी.

पहिलं दार माझं. पंचफुलानं डबा पायरीला लावला, ब्रेक ओढला, अडणा काढला, दार सरकवलं. आत मुरमुऱ्याचे लाडू, सुपारीएवढे, गाठींसारखे थरावर थर लावलेले.

"माल आला जी," ती म्हणाली. "उतरवून घ्या. घरात किती माणसं?"

मला समजायला वेळ लागला. बोजारा घ्यायला आलेली नाही, द्यायला आली आहे. ज्या दारांनी ह्या घराला भाकर वाढली होती, त्या दारांनी आता ह्या घरचं हातात घ्यायचं, आणि खायचं. गुळाचा पाक तुळसाबाईच्या चुलीवरचा, लाडू तिच्या हाताचे. शेंगा आणल्या असत्या तर आतल्या दाण्याला हात लागलाच नाही म्हणत गावानं टरफलाचा आडोसा घेतला असता. तिनं आडोसा ठेवला नव्हता.

मी चार घेतले. एक तिथंच तोंडात टाकला. माझाच गूळ, माझेच मुरमुरे, आणि मला एवढा चांगला लाडू माझ्या घरात कधी मिळाला नाही, हे मी बायकोला ऐकू जाईल असं बोललो. त्याचं पुढे काय झालं हा वेगळा विषय.

मग मी दुकान सोडून मागे चाललो. असा दिवस खात्यावर रोज येत नाही. मास्तरांनी लाडू घेतला आणि इकडेतिकडे पाहून खिशात घातला. खिसा पाकानं चिकटला. एका घरी दार आतून लागलं, पण खिडकीतून नातवानं हात काढून दोन उचलले. सोनाराच्या म्हातारीनं पदर पुढे केला आणि लगेच मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला. म्हणाली, मेलं, दात तं नाहीत, बाटून बाटून काय बाटीन. अब्दुल गनी मिस्त्रीनं लाडू नंतर खाल्ला, आधी डबा उलटा करून चाकांचा आस पाहिला. दोन घरांत नको म्हणाले, तिथं तुळसाबाईनं वाद घातला नाही. डबा रिकामा झाला की पाटीतून भरायचा, आणि पुढे. एव्हाना बाकीची पोरं बैल घेऊन डब्याच्या मागे लागली होती, कारण पोरांना वास कळतो.

अशी ती पाटलांच्या ओट्यासमोर आली.

बाबाराव ओट्यावर बसले होते. बाजूला सूप, सुपात पायलीभर ज्वारी, आणि ज्वारीच्या ढिगावर मधोमध एक चकचकीत रुपया. इतर लेकरांना त्यांनी आणा दिला होता. दाराच्या चौकटीत कांताबाई.

पंचफुलानं डबा पायरीला लावला. माणसं पाच, हे तिला माहीतच होतं. पाच लाडू काढून ओट्याच्या कडेला नीट रांगेत ठेवले. "माल आला जी. उतरवून घ्या."

"राहू दे तिथं," पाटील गोड आवाजात म्हणाले, आणि सूप पुढे सरकवलं. "अन् हे तुह्या डब्यात भर. तुह्या आजीचा हक्क हाय तो. रुपया तुले."

खोटं कशाला सांगू, पोरीची नजर रुपयावर गेली आणि तिथंच राहिली. नऊ वर्षांचं लेकरू. सगळ्या वाटेवर तिनं मैत्रिणींच्या मुठीतले आणे पाहिले होते आणि स्वतःच्या हातावर एकही घेतला नव्हता. डब्याचं दार उघडं होतं, आत जागा होती. बळीराम लांब निंबाखाली उभा. तुळसाबाई पाटी सावरत होती. तिनं लेकीला काही खुणावलं नाही.

पंचफुलानं डब्याचं दार ओढलं. ते जरा अडकलं, तिनं गुडघ्यानं रेटलं. अडणा टाकला.

"ही गाडी इथून रिकामीच परत जाते जी," ती म्हणाली.

पाटलांचा गोडवा आटला. "मोठ्या घरून रिकामं जाऊ नये," ते तुळसाबाईकडे पाहून म्हणाले.

"रिकामी जावी म्हणूनच भरून आणली पाटील," तुळसाबाई म्हणाली.

"मंग हे तुमचे लाडूबी घेऊन जा."

"उतरलेला माल आम्ही परत उचलत नाही," ती म्हणाली. "उचलणं सोडून पाच वर्सं झाले."

आणि मायलेकी वळून निंबाकडे गेल्या. डबा मोकळा खडखडत गेला.

आता ओट्यावर पाच लाडू आणि पाटील. गंमत बघा. खायला हात लावायचा नाही हे ठरलेलं, पण फेकायलाही हातच लावावा लागतो. पाटलांनी सालदाराला हाक मारली. सालदाराला गोठ्यात अचानक फार काम निघालं. पंचाच्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, मी आत्ताच आंघोळ केली. पूर्वी असं काही पडलं तर वस्तीकडे निरोप जायचा आणि जागा साफ व्हायची. आता निरोप कोणाकडे धाडायचा? लोक पारावर बसून होते. कोणी घरी जात नव्हतं. लाडवांना मुंग्या लागल्या.

दिवेलागणीच्या आधी पाटील चडफडत उठले, आत जाऊन पळसाची पत्रावळ आणली, आणि काडीनं एकेक लाडू तिच्यावर ढकलू लागले. ढकलता ढकलता थांबले. चारच होते.

त्यांनी ओट्याखाली पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. कांताबाई चौकटीतच होत्या, आणि हनुवटीवर एक मुरमुरा चिकटलेला होता. तो त्यांनी पुसलाही नाही.

"माह्या नावचा होता," त्या म्हणाल्या. "म्या खाल्ला."

पाटलांनी तोंड उघडलं आणि पाराकडे पाहून मिटलं. मग पत्रावळ दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून ते पायऱ्या उतरले आणि चौकातून, सगळ्या गावासमोरून, उकिरड्याकडे चालत गेले. ह्या गावात पाटलानं स्वतः काही उचलून नेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. निंबाखाली पंचफुलानं बापाला विचारलं, ते कुठं नेऊन राह्यले. बळीराम जाणकार हमालाच्या नजरेनं पाहत होता.

"नेऊ दे," तो म्हणाला. "अंगापासून दूर धरून राह्यले. असं धरलं का ओझं वाढते."

पाटील हात झटकत परतले तेव्हा कांताबाई ओट्यावर येऊन उभ्या होत्या, आणि शेजारणीला चौकभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या की तीळ नाहीत, खसखस आहे, आणि पाक असा पाहिजे.